रोग तोच, रस्ता लांबचा

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात मराठवाड्याचा एक आकडा आहे. २०१२ ते २०१६ या काळात देशातील २८ नोंदणी केंद्रांनी आपापल्या भागातले कर्करोगाचे नवे रुग्ण मोजले. मिझोराममधील ऐझॉल जिल्ह्यात दर एक लाख पुरुषांमागे वर्षाला २६९ रुग्ण सापडले. उस्मानाबाद (आताचे धाराशिव) आणि बीड या जिल्ह्यांत हा आकडा होता ३९.५. स्त्रियांमध्येही या दोन जिल्ह्यांचा ४९.४ हा दर देशात सर्वांत कमी. वयोमानातील फरक वजा करून हे दर काढलेले असतात, त्यामुळे ‘तिकडे म्हातारी माणसे कमी असतील’ हे उत्तर इथे चालत नाही.

हा अहवाल वरवर चाळणाऱ्याला वाटेल, की कर्करोगापासून वाचायचे तर गावाकडे जाऊन राहावे. भाकरी, मोकळी हवा, अंगमेहनत. मुंबई-दिल्लीचे दर मराठवाड्याच्या दुपटीहून बरेच जास्त आहेत, म्हणजे हा रोग मुख्यतः शहराचा, असा निष्कर्ष अनेकांनी काढलाही आहे.

आता दुसरा आकडा. २००१ ते २००३ या काळात देशातील ६,६७१ नमुना क्षेत्रांत झालेल्या सुमारे १ लाख २२ हजार मृत्यूंची घरोघर जाऊन चौकशी करण्यात आली. माणूस गेला तेव्हा त्याला काय होत होते, गाठ होती का, रक्त जात होते का, किती दिवस अंथरुणाला खिळला होता, हे घरच्यांना विचारायचे आणि त्या वर्णनावरून डॉक्टरांनी मृत्यूचे कारण ठरवायचे, अशी ती पद्धत. ‘मिलियन डेथ स्टडी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अभ्यासातले कर्करोगाचे निष्कर्ष २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ३० ते ६९ या वयोगटात कर्करोगाने मरण पावणाऱ्या पुरुषांचे प्रमाण ग्रामीण भागात दर लाखामागे ९५.६ होते, शहरी भागात १०२.४. स्त्रियांमध्ये ग्रामीण ९६.६, शहरी ९१.२. म्हणजे मरणाच्या हिशेबात गाव आणि शहर जवळजवळ सारखे.

दोन्ही अभ्यासांचा काळ वेगळा, वयोगट वेगळे. त्यामुळे एका आकड्यातून दुसरा सरळ वजा करता येत नाही. तरीही विसंगती डोळ्यांत भरते. नोंदवहीत गावातले रुग्ण शहराच्या निम्मेही नाहीत आणि मृत्यू मात्र बरोबरीचे. याचा उलगडा दोनच प्रकारे होतो. एक तर गावातल्या अनेकांना कर्करोग होतो, ते मरतातही, पण रोगाचे नाव कोणत्याच कागदावर येत नाही. किंवा ज्यांचे नाव येते, ते शहरातल्या रुग्णापेक्षा लवकर जातात. बहुधा दोन्ही खरे आहे. ग्रामीण भागात काही कर्करोग खरोखरच कमी असतात, हेही विसरून चालणार नाही. लवकर झालेली बाळंतपणे, जास्त मुले, वर्ष-दोन वर्षे अंगावर पाजणे यामुळे स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो आणि ही कारणे आजवर गावाकडे जास्त होती. पण एवढ्याने हिशेब जुळत नाही.

रोग निदान झाल्यानंतर पाच वर्षांनी किती रुग्ण हयात आहेत, हे प्रमाण कर्करोगाच्या अभ्यासात कळीचे मानले जाते. ऐकायला सोपे वाटते, मोजायला मात्र अवघड. त्यात एक चकवाही आहे. समजा, दोन स्त्रिया साठाव्या वर्षी एकाच रोगाने गेल्या. एकीचे निदान चोपन्नाव्या वर्षी झाले होते, दुसरीचे अठ्ठावन्नाव्या. हिशेबात पहिली ‘पाच वर्षांहून जास्त जगली’, दुसरी ‘दोनच वर्षे’. प्रत्यक्षात आयुष्य दोघींचे तेवढेच. म्हणून निव्वळ जगण्याच्या टक्केवारीवर विसंबणे धोक्याचे. खरा पुरावा मृत्यू कमी झाले की नाही हाच.

दुसरी अडचण खास आपल्याकडची. रुग्ण पाच वर्षांनी जिवंत आहे हे कळणार कसे? अनेक पाश्चात्त्य देशांत कर्करोगाची नोंद आणि मृत्यूचा दाखला संगणकावर आपोआप जुळवले जातात. भारतात नोंदवलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम पाचात एकाचे कारण डॉक्टरने प्रमाणित केलेले असते आणि हे डॉक्टरी दाखले प्रामुख्याने रुग्णालयांतून, म्हणजे बहुतांशी शहरांतून येतात. खेड्यातला रुग्ण दोनदा दाखवून गेला आणि पुन्हा आलाच नाही, तर रुग्णालयाच्या फायलीत तो ‘संपर्क तुटला’ या सदरात जातो. तो बरा झाला म्हणून आला नाही, की गेला म्हणून, हे फाइल सांगत नाही. अशांना हिशेबातून वगळले की उरलेल्यांची टक्केवारी उगीचच चांगली दिसू लागते. म्हणजे गावाची स्थिती कागदावर दिसते त्याहून वाईट असण्याचीच शक्यता जास्त.

हे कोडे सोडवण्याचा सर्वांत जुना आणि चिकाटीचा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. देशातली पहिली कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ मध्ये सुरू झाली होती. ग्रामीण भागातली पहिली सुरू व्हायला १९८७ उजाडले. ती बार्शीत सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील परंडा व भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावे तिच्या कक्षेत घेण्यात आली. बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचे टाटा मेमोरियल यांचा तो एकत्रित उपक्रम होता. डॉ. बी. एम. नेने आणि डॉ. कस्तुरी जयंत ही त्यातली दोन मोठी नावे.

शहरातल्या नोंदणीची पद्धत ठरलेली असते. कर्मचारी रुग्णालयांत आणि पॅथॉलॉजी प्रयोगशाळांत जाऊन नोंदवह्या तपासतात. बार्शीत ही पद्धत निरुपयोगी होती, कारण रुग्ण रुग्णालयात येतच नव्हते. मग नोंदणीचे कर्मचारीच गावोगाव जाऊ लागले. वर्षातून ठरावीक वेळा प्रत्येक गावात फेरी. देवळात, शाळेत, चावडीवर माणसे जमवायची आणि काय दिसले तर अंगावर काढू नये ते सांगायचे: तोंडातली न भरणारी जखम, पांढरा चट्टा, स्तनातली गाठ, पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावरून रक्त जाणे. संशयित रुग्णाला बार्शीला आणून तपासायचे. कोणी वारले असेल तर घरी जाऊन चौकशी करायची.

यातून झाले असे, की मोजायला गेलेल्यांनी मोजायची गोष्टच बदलून टाकली. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या. १९९५ मध्ये हे निरीक्षण आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नवे यंत्र नाही, नवे औषध नाही. कोणीतरी गावात येऊन नीट बोलले, एवढेच. सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात ‘जनजागृती’ हा शब्द इतका झिजला आहे, की त्याने कधी प्रत्यक्ष काही बदलले असेल यावर विश्वास बसत नाही. बार्शीचा अनुभव त्याला अपवाद म्हणून लक्षात ठेवण्याजोगा आहे.

लवकरची अवस्था म्हणजे नेमके काय, ते देशातल्या ११ नोंदणी केंद्रांच्या अलीकडच्या अभ्यासातून दिसते. २०१२ ते २०१५ मध्ये निदान झालेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या १७ हजारांहून अधिक रुग्णांचा माग २०२१ पर्यंत काढण्यात आला. रोग स्तनापुरताच असताना निदान झालेल्या स्त्रियांपैकी पाच वर्षे जगण्याचे प्रमाण ८१ टक्के. काखेतल्या गाठींपर्यंत पोहोचला असेल तर ६५.५ टक्के. आणि हाडे, फुप्फुस, यकृत अशा दूरच्या अवयवांत गेला असेल तर अवघे १८.३ टक्के. निम्म्याहून अधिक वाट तर निदानाच्या दिवशीच ठरून गेलेली असते.

तो दिवस गावात उशिरा का येतो? परंड्याच्या किंवा पाटोद्याच्या एखाद्या शेतमजूर स्त्रीचे उदाहरण डोळ्यांसमोर आणावे. स्तनात गाठ लागते, पण दुखत नाही. आणि जे दुखत नाही त्यासाठी रोज बुडवून दवाखान्यात कोण जाणार? अंगावरून पांढरे जाते, तर ते ‘बायकांना असतेच’. शेवटी जवळच्या डॉक्टरकडे जाणे होते. इंजेक्शन, सलाइन, ताकदीच्या गोळ्या. दोन महिने बरे वाटल्यासारखे होते. मग तालुक्याला सोनोग्राफी. तिथून ‘तुकडा’ तपासायला सांगतात. तुकडा काढला की रोग पसरतो, असे घरातले जाणते माणूस सांगते (हे खरे नाही, पण भीती खरी असते). तपासणीचा अहवाल यायला काही दिवस, तो घेऊन जिल्ह्याला आणि तिथून पुण्या-मुंबईला. दिवाळीनंतर घर ऊसतोडीला निघाले असेल, मुकादमाकडून उचल घेतलेली असेल, तर हे सगळे आणखी पाच-सहा महिने लांबते. यात कोणी एकजण निष्काळजी असतो असे नाही. प्रत्येक टप्प्यावर थोडा थोडा वेळ जातो आणि बेरीज वर्षाची होते.

याच पट्ट्यात दुसरे टोकही दिसले. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण भयावह असल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. राज्य सरकारच्या समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पांढरे जाते, पोटात दुखते, एवढ्या तक्रारीवर ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ असे सांगितले गेल्याचे अनेक जणींनी बोलून दाखवले. ज्या दोन जिल्ह्यांत कर्करोगाची नोंद देशात सर्वांत कमी, त्यातल्याच एका जिल्ह्यात कर्करोगाच्या भीतीने हजारो शस्त्रक्रिया व्हाव्यात! भीती पोहोचली होती, तपासणी पोहोचली नव्हती.

तपासणी पोहोचली तर काय होते, याचेही उत्तर याच मातीत आहे. १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयोगटातील १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी स्त्रियांचा एक मोठा अभ्यास झाला. ५२ गावसमूहांचे चार गट पाडले. एका गटातील स्त्रियांची एचपीव्ही या विषाणूसाठी तपासणी झाली, दुसऱ्या गटाची पॅप स्मिअर, तिसऱ्या गटात गर्भाशयमुखावर पातळ व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटाला फक्त माहिती आणि नेहमीच्या सेवा. प्रत्येक स्त्रीची तपासणी एकदाच. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. तपासणी न झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ६४ मृत्यू झाले होते. एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. बाकी दोन पद्धतींनी मात्र मृत्यूंत ठोस घट झाली नाही.

जगण्याच्या टक्केवारीतला तो चकवा इथे लागू होत नाही, कारण इथे थेट मृत्यू मोजले गेले. चौथ्या गटातील स्त्रियांना तपासणीविना ठेवले, यावर पुढे वैद्यकीय नीतीच्या अभ्यासकांनी कठोर टीका केली आणि ती टीका झटकून टाकण्यासारखी नाही. मराठवाड्यातल्या या स्त्रियांमुळे जगाला जे कळले, त्याच्या आधारे एचपीव्ही तपासणीचा पुरस्कार जगभर झाला. तीच तपासणी मराठवाड्यातल्या आरोग्य केंद्रांत आजही सहज मिळत नाही, ही गोष्ट त्या टीकेला आणखी धार देते.

सरकारी कार्यक्रमात तिशी ओलांडलेल्यांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी करण्याचे मार्गदर्शक धोरण २०१६ पासून आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने त्याची प्रगती मोजली. ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या शहरात २.२ टक्के, गावात १.७ टक्के. या एका बाबतीत गाव आणि शहर यांच्यातली दरी जवळपास बुजलेली आहे, असे उपहासाने म्हणावे लागेल.

इथे एक शंका रास्त ठरते. गावातल्या माणसाचे शरीरच वेगळे असेल तर? कुपोषण, रक्त कमी, तंबाखू-मिश्री, इतर आजार; यामुळे उपचारच कमी लागू पडत असतील का? या प्रश्नाला सर्वांत स्वच्छ उत्तर अमेरिकेतून मिळाले. त्या श्रीमंत देशातही चित्र आपल्यासारखेच आहे. तिथल्या रोग नियंत्रण केंद्राने २०१७ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार ग्रामीण भागात कर्करोगाचे नवे रुग्ण दर लाखामागे ४४२, महानगरी भागात ४५७. मृत्यू मात्र ग्रामीण भागात १८०, महानगरांत १५८. रोग कमी, मरण जास्त.

‘स्वॉग’ या तिथल्या संशोधन गटाने २०१८ मध्ये वेगळी वाट धरली. १९८६ ते २०१२ या काळात त्यांच्या औषध चाचण्यांत सहभागी झालेल्या ३६,९९५ रुग्णांची माहिती त्यांनी काढली. त्यातले सुमारे १९ टक्के ग्रामीण भागातले होते. चाचणीत सामील झालेल्या प्रत्येक रुग्णाला ठरलेले औषध, ठरलेल्या मात्रेत, ठरलेल्या दिवशी मिळते. तपासण्याही सारख्याच होतात. रुग्ण कोणत्या गावचा हे तिथे गौण असते. अशा रुग्णांत ग्रामीण आणि शहरी यांच्या जगण्यात जवळजवळ काहीच फरक आढळला नाही. कर्करोगांचे १७ गट तपासले, त्यातला एकच अपवाद निघाला, स्तनाच्या कर्करोगाचा एक प्रकार. चाचणीत सहभागी होणारे रुग्ण मुळात थोडे धडधाकट आणि जागरूक असतात, ही मर्यादा त्या संशोधकांनाही मान्य होती. तरीही दिशा स्पष्ट आहे. उपचार सारखे मिळाले की निकाल सारखा येतो. दरी शरीरात नाही, रस्त्यात आहे.

निदान झाल्यावर तरी रस्ता सुकर होतो का? गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे उदाहरण इथेही बोलके आहे. थोड्या पुढच्या अवस्थेत या रोगावर मुख्य उपाय किरणोपचार, गावाकडच्या भाषेत ‘शेक’. सोमवार ते शुक्रवार रोज एक, असे साधारण २५ वेळा बाहेरून किरण द्यायचे, आठवड्यातून एकदा केमोथेरपी आणि मग ब्रॅकीथेरपी, म्हणजे आतून दिले जाणारे किरण. हे सगळे आठ आठवड्यांच्या आत पूर्ण व्हावे लागते. मुदत ओलांडली तर पुढच्या प्रत्येक दिवसागणिक रोग आटोक्यात राहण्याची शक्यता सुमारे अर्धा ते एक टक्का कमी होते. किरणांनी जखमी झालेल्या पेशींना मधल्या सुट्टीत पुन्हा वाढायला वेळ मिळतो, हे त्याचे कारण.

शहरातली रुग्ण रोज घरून येऊन जाऊन हे करू शकते. एका वेळचा शेक दहा-पंधरा मिनिटांचा. गावातल्या रुग्णासाठी तोच उपचार म्हणजे दोन महिन्यांचे स्थलांतर. सोबत एक माणूस, त्याची बुडालेली मजुरी, दोघांचे खाणे-राहणे, मागे राहिलेली मुले आणि जनावरे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांमुळे उपचाराच्या बिलाचा मोठा भार हलका झाला आहे, एसटी आणि रेल्वेत कर्करुग्णांना सवलत आहे. पण खोलीचे भाडे आणि बुडालेला रोज कोणत्याच योजनेत बसत नाही. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत वर्षानुवर्षे परळला उपचार घेणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. तिथे जागा मिळाली तर नशीब. नाही मिळाली तर रुग्णालयाबाहेरचा फुटपाथ. चौथ्या आठवड्यात कापणी येते किंवा पैसे संपतात, बाईला थोडे बरेही वाटू लागलेले असते. ‘आठ दिवस घरी जाऊन येतो,’ म्हणून माणसे जातात. काही परत येतात, काही येत नाहीत. ब्रॅकीथेरपी राहून जाते आणि रोग परततो.

स्तनाच्या कर्करोगात हाच अडथळा वेगळे रूप घेतो. लहान गाठ असेल तर तेवढीच काढून स्तन वाचवता येतो, पण त्यानंतर किरणोपचार घ्यावेच लागतात. किरणांचे यंत्र दोनशे किलोमीटरवर असेल तर अनेक जणी पूर्ण स्तनच काढून टाकायला होकार देतात. जीव दोन्हींत वाचतो. निवड मात्र नकाशा करतो. दर दहा लाख लोकांमागे किमान एक किरणोपचार यंत्र असावे, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. भारतात ती संख्या बरीच कमी आहे आणि जी यंत्रे आहेत ती मोठ्या शहरांत दाटीवाटीने उभी आहेत.

तरीही ‘गाव’ म्हणजे हमखास वाईट निकाल, असे समीकरण मांडणे चूक ठरेल. त्याच ११ केंद्रांच्या अभ्यासात स्तनाच्या कर्करोगात पाच वर्षे जगण्याची देशाची सरासरी ६६.४ टक्के आली. केरळमधल्या कोल्लम या जिल्ह्यात ती ७१.५ होती, म्हणजे अहमदाबाद शहराच्या ७२.७ टक्क्यांच्या अगदी जवळ. सर्वांत वर होते डोंगराळ मिझोराम, ७४.९ टक्के. तळाला अरुणाचलमधील पासीघाट, ४१.९ टक्के. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात सरासरी ५१.७ टक्के, कोल्लम ५६.१, त्रिपुरा ३१.६. केरळात गाव कुठे संपते आणि शहर कुठे सुरू होते हे सांगणे कठीण. शिक्षण आहे, बसगाड्या आहेत, हाकेच्या अंतरावर रुग्णालय आहे. आसामने २०१७ पासून टाटा ट्रस्ट्सच्या साथीने जिल्ह्याजिल्ह्यांत कर्करोग रुग्णालये उभारायला घेतली, त्यातली सात २०२२ मध्ये सुरू झाली. गुवाहाटीला मोठे रुग्णालय असूनही अप्पर आसामातल्या रुग्णाला त्याचा उपयोग होत नाही, हे ओळखून उचललेले ते पाऊल होते. महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाने मराठवाड्याच्या रुग्णांची मुंबईवारी बरीच कमी केली, पण धाराशिव किंवा हिंगोलीहून संभाजीनगर काही जवळ नाही.

आणि ‘शहर’ हाही एकसंध शब्द नव्हे. मुंबईतल्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून टाटा मेमोरियलने सुमारे दीड लाख स्त्रियांवर एक अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक मुलींना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून व्हिनेगरची तपासणी करवून घेतली. उस्मानाबादेत एकदाच केल्यावर जिचा परिणाम दिसला नव्हता, तीच साधी तपासणी इथे दर दोन वर्षांनी, चार वेळा झाली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. या स्त्रिया देशातल्या सर्वांत नामांकित कर्करोग रुग्णालयापासून लोकलने तासाभराच्या अंतरावर राहत होत्या आणि तरीही, कोणी दारात येईपर्यंत त्या रुग्णालयाचा त्यांना उपयोग नव्हता. किलोमीटरमध्ये मोजता येते तेवढेच अंतर नसते.

अंतर कमी करण्याचा एक मार्ग मात्र रस्त्याऐवजी प्रयोगशाळेतून आला आहे, आणि त्याची चर्चा त्या मानाने फार कमी होते. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर पाच आठवडे, २५ वेळा किरण देण्याची पद्धत जगभर रूढ होती. ब्रिटनमधल्या ‘स्टार्ट’ चाचण्यांनी दाखवून दिले, की दर वेळची मात्रा थोडी वाढवून १५ वेळांत, तीन आठवड्यांत काम भागते. दहा वर्षांनंतरही निकाल तितकाच चांगला राहिला. २०२० मध्ये ‘फास्ट-फॉरवर्ड’ या चाचणीने त्याच्याही पुढे मजल मारली. पाच वेळा, एकाच आठवड्यात. पाच वर्षांनंतरचा निकाल तीन आठवड्यांच्या उपचाराइतकाच. या चाचण्या आखताना मराठवाड्यातली शेतमजूर कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हती. पण पाच आठवड्यांची खोली आणि एका आठवड्याची खोली यांतला फरक तिच्याइतका कोणालाच जाणवणार नाही. रविवारी एसटीने निघायचे, सोमवार ते शुक्रवार पाच शेक घ्यायचे आणि शनिवारी घरी परतायचे. ज्यांना हा उपचार लागू पडतो अशा रुग्णांसाठी तो भारतातही वापरात येऊ लागला आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात, जो बार्शी-परंड्याच्या नोंदवह्यांत वर्षानुवर्षे वरच्या क्रमांकावर राहिला, मात्र अजून पाच आठवडे आणि ब्रॅकीथेरपी असाच हिशेब आहे.